आधी देऊळ की आधी दाणा? गोबेकली तेपे बघून आल्यावर डोक्यात बसलेला किडा

निवांत_भटका

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात तुर्कस्तानात होतो. इस्तंबूल आणि ते गरम हवेचे फुगे वगैरे सगळेच करतात, मी घरच्यांचे टोमणे खात हट्टाने आग्नेयेला शानलिउर्फाला गेलो, कारण तिथून पंधराएक किलोमीटरवर गोबेकली तेपे आहे. अर्थ सांगायचा तर ढेरीवाली टेकडी. खरंच तशीच दिसते, उघड्या माळावर पोट सुटलेल्या माणसासारखी. वर मोठं पांढरं छप्पर टाकलंय, गोल लाकडी पुलावरून चालायचं आणि खाली बघायचं.

खाली काय, तर गोल भिंती, त्यात इंग्रजी टी आकाराचे चुनखडीचे खांब, मधोमध दोन सगळ्यात उंच, साडेपाच मीटरपर्यंत. वजन दहा टनांच्या आसपास. लांबून नुसते खांब वाटतात, पण जरा थांबून बघितलं की मधल्या खांबाच्या कडेने वरून खाली येणारा हात दिसतो, कोपरात वाकलेला, आणि बोटं पोटाशी जुळलेली. खाली कमरपट्टा, त्याला लटकवलेलं कोल्ह्याचं कातडं. म्हणजे तो खांब नाहीच, तो माणूस आहे, बिनचेहऱ्याचा. टीचा वरचा आडवा भाग म्हणजे डोकं. माझ्या अंगावर काटा आला आणि शेजारची बाई सेल्फी काढत होती, असो.

वय ऐका. सगळ्यात जुनी बांधकामं इ.स.पू. ९५००च्या सुमाराची. स्टोनहेंजच्या मोठ्या दगडांच्या साधारण ७००० वर्षं आधी. तेव्हा मडकी नव्हती, धातू नव्हता, पाळलेली गाय-शेळी नव्हती, पेरलेलं शेत नव्हतं. उत्खननात निघालेली हाडं सगळी रानटी जनावरांची, दाणे रानटी गवताचे.

१९६३च्या पाहणीत हे दगड दिसले होते, पण जुनं कबरस्तान असेल म्हणून सोडून दिले. १९९४मध्ये क्लाउस श्मिट नावाचा जर्मन पुरातत्त्वज्ञ तिथे गेला, त्याला कळलं हे काय आहे ते, आणि १९९५पासून २०१४ला वारेपर्यंत तो तिथेच खोदत राहिला. त्याचं म्हणणं असं की आपण शाळेत उलटं शिकलो. आधी शेती, मग गाव, मग पोट भरल्यावर देव असं नाही, तर आधी देऊळ. देवळासाठी शेकडो माणसं जमली, त्यांना जेवायला घालायला धान्य लागलं, त्यातून शेती. आमचा गाइडपण हेच सांगत होता, जगातलं पहिलं देऊळ, जगातलं पहिलं देऊळ, दर पाच मिनिटांनी.

मला तेव्हा पटलं. पण बाहेर पडताना एका कोपऱ्यात दगडी पाटे मांडलेले दिसले, मधे खोलगट झिजलेले, आणि तेव्हापासून किडा वळवळतोय. खांब उभे करणाऱ्यांचं आपण एवढं बोलतो, पण दळत कोण होतं? त्यांच्यासाठी जातं ओढणाऱ्या बायका कुठल्या देवळासाठी जमल्या होत्या?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

खडूस_काका

लेख छान. एक दुरुस्ती. जातं नाही हो, जातं फिरतं, ते फार म्हणजे फारच नंतरचं. तिथे असणार ते पाट्यासारखं, गुडघ्यावर बसून दगड पुढे-मागे ढकलायचा. पाटा-वरवंटा म्हणा.

---

निवांत_भटका

काका, मान्य. जातं हातातून निसटलं, पाटाच.

---

पॉपकॉर्नवाला

आता कोणीतरी येऊन हे आपल्या पूर्वजांनी बांधलं म्हणणार. बसलोय.

---

सत्यशोधक_१०८

हसा लेको. त्या ४३ नंबरच्या खांबावर पंख पसरलेला पक्षी आहे, त्याच्याशेजारी गोळा आहे, हा गरुड आणि सूर्य नाही तर काय आहे? वर हातात धरायच्या पिशव्या कोरल्यात. त्याच पिशव्या मेसोपोटेमियातल्या देवांच्या हातात आहेत, मेक्सिकोत आहेत. कोणीतरी एकच संस्कृती सगळीकडे गेली होती, धूमकेतू आदळला आणि बुडाली. सगळं त्या खांबावर लिहिलंय, पण मान्य करायला नको.

---

चिकित्सक_चकली

दादा, तो पक्षी गिधाड आहे. आणि त्याच खांबावर खालच्या बाजूला एक माणूस आहे ज्याला डोकं नाही, ते तुम्ही सोडलंत. विंचूही आहे. गिधाड + बिनडोक्याचा माणूस हे जोडून बघा.

२०१७मध्ये तिथल्या कवट्यांच्या तुकड्यांवर अभ्यास आला, तीन कवट्यांवर मुद्दाम केलेल्या खोल चिरा होत्या, एकीला भोक पाडलेलं होतं, बहुधा टांगून ठेवायला. पॅलेस्टाईनमधल्या जेरिकोत पुढच्या काळात कवटीवर चुन्याचा गिलावा देऊन चेहरा घडवायचे आणि डोळ्यांच्या जागी शिंपले बसवायचे. तुर्कस्तानातल्याच चाताल ह्युयुक या जुन्या गावात माणसं घरातच जमिनीखाली पुरायचे, वर तीच झोपायची जागा, आणि काहींची डोकी नंतर काढून घेतलेली. म्हणजे त्या अख्ख्या पट्ट्यात हजारो वर्षं मेलेल्याचं डोकं ही महत्त्वाची गोष्ट होती. आजोबांना जवळ ठेवायचं, असं काहीसं. यात धूमकेतू कुठे लागतो?

पिशव्यांचं म्हणाल तर कमानदार वस्तू जगात कुठेही सारखीच दिसते. आमच्या सोसायटीच्या गेटवरपण आहे.

---

सत्यशोधक_१०८

तुम्हाला सगळं माहीतच आहे मग बोलण्यात अर्थ नाही.

---

पॉपकॉर्नवाला

संपलं पण?

---

मृद्गंधा

निवांत, तुझा पाट्याचा मुद्दा खरंतर धाग्याचा जीव आहे, तो वाहून जाऊ देऊ नका प्लीज.

गोबेकली तेपेला दळायची कुटायची दगडी साधनं ७०००च्या वर सापडलीत. सात हजार! २०१९मध्ये त्यावर सविस्तर काम आलं, काही साधनांवरची झीज तपासली तर धान्य भरडल्याची निघाली. शिवाय १६० लिटरपर्यंतची दगडी पात्रं आहेत, त्यात बिअर केली असावी असा अंदाज आहे पण पुरावा पक्का नाही. श्मिटना वाटायचं इथे कोणी राहत नव्हतं, लोक लांबून जत्रेसारखे यायचे. ते गेल्यानंतर जे काम झालं त्यात राहती घरं निघाली, पावसाचं पाणी साठवायची सोय निघाली. म्हणजे डोंगरावरचं एकाकी देऊळ हे चित्र आता बरंच ढिलं पडलंय. गाव होतं, आणि गावात मोठ्या खास इमारती होत्या. देऊळ शब्दसुद्धा आपण आपल्या डोक्यातला तिथे चिकटवतोय.

आता दळत कोण होतं. गोबेकलीचं ठाऊक नाही कारण तिथे अख्खे सांगाडे फारसे नाहीत, पण सीरियात फरात नदीकाठी अबू हुरेरा नावाची जागा होती, होती म्हणजे आता धरणाच्या पाण्याखाली आहे, १९७२-७३मध्ये घाईघाईने खोदली. तिथल्या सांगाड्यांत पायाच्या अंगठ्याचे सांधे खराब झालेले, गुडघ्यांवर ताणाच्या खुणा, पाठीचा खालचा मणका दुखावलेला. ही हाडं जास्त करून बायकांची. रोज तासन् तास गुडघे टेकून, पायाची बोटं खाली दुमडून, सगळं अंग पुढे झोकायचं आणि मागे यायचं, त्याने हे होतं. शेतीचा इतिहास मला तरी त्या अंगठ्यात जास्त दिसतो.

---

निवांत_भटका

मृद्गंधाताई, दंडवत. वाचनखूण साठवली.

---

शेतकरी_मिरजेचा

मी जुन्या काळातलं काही शिकलेलो नाही पण शेती करतो म्हणून एक विचारतो, रानटी गहू आणि आपला गहू यात नेमका फरक काय? उगवलं तर उगवलं, कापलं तर कापलं. मग शेती सुरू झाली हे त्या दाण्यावरून कसं कळतं?

---

चिकित्सक_चकली

एकदम मुद्द्याचा प्रश्न. रानटी गव्हाची ओंबी पिकली की आपोआप झडते, दाणा दाणा सुटून जमिनीवर. गवताच्या दृष्टीने ते बरोबर आहे, त्याला पसरायचंय. पण एखाद्या रोपात बिघाड असतो, त्याची ओंबी झडत नाही, धरून राहते. रानात ते रोप वाया जाणार. माणूस मात्र पिकल्यावर विळा घेऊन गेला की त्याच्या हाताला जास्त करून हे धरून राहिलेले दाणेच लागतात, तेच तो घरी आणतो, त्यातलेच पुढच्या वर्षी पेरतो. असं करत करत हजारभर किंवा जास्त वर्षांत सगळी ओंबी न झडणारी होते. दाणा जिथून सुटतो ती जागा सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर आपोआप गळालेल्याची खूण गुळगुळीत असते आणि मळून तोडलेल्याची खडबडीत. जळून कोळसा झालेल्या दाण्यावरही दिसते.

१९९७मध्ये जनुकांवरून असं निघालं की एक दाण्याच्या गव्हाचं, आइनकॉर्नचं, मूळ कराजादा डोंगरावरच्या रानटी गव्हाशी सगळ्यात जवळचं आहे. आणि तो डोंगर गोबेकली तेपेच्याच मुलखात! श्मिटची गोष्ट लोकांना एवढी पटली त्याला हेही कारण आहे. पण एकाच ठिकाणी, एकाच झटक्यात शेती सुरू झाली असं आता फारसं कोणी म्हणत नाही, बऱ्याच जागी बरीच वर्षं रेंगाळत झालं.

---

शेतकरी_मिरजेचा

आलं लक्षात. आमच्याकडे खपली आहे दीड एकर. ती मळली तरी तूस सोडत नाही, टरफलासकट दाणा पडतो, मग सडून घ्यावी लागते. आजी उखळात कांडायची. म्हणजे ती जुन्यातली जुनी म्हणायची का?

---

मृद्गंधा

हो की! खपली म्हणजे एमर गहू, त्याच पश्चिम आशियातल्या पहिल्या पिकांपैकी एक. तुमच्या शेतात ती नातेवाईक उभी आहे. झडणं बंद झालं पण तूस सोडणं अजून शिकली नाही, मधल्याच टप्प्यावर थांबलेली. आपले रोजचे गहू पुढे गेले.

---

शेतकरी_मिरजेचा

आजीला सांगायला पाहिजे होतं. शिव्या घालायची खपलीला.

---

खडूस_काका

मला देऊळ-आधी या गोष्टीवर मुळातच शंका आहे आणि ती आकड्यांची आहे. जॅक हार्लन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ १९६६मध्ये त्याच कराजादाच्या भागात गेले, रानटी गहू आधी हाताने ओरबाडला, हाताची सालटी निघाली, मग गारगोटीच्या पात्यांचा विळा बनवून कापला. तासाला किलोभर स्वच्छ दाणा निघाला. हिशोब केला की एक कुटुंब तीनेक आठवड्यांत वर्षभर लागेल त्याहून जास्त गोळा करू शकतं, एकही शेत न नांगरता.

मग सांगा, शेती कोण करेल? ज्याच्या दारात फुकट पीक उभं आहे तो कशाला नांगरेल? देवळासाठी जेवण लागलं म्हणून पेरलं हे मला पटत नाही, तेवढं तर रानातच होतं. जॉर्डनच्या वाळवंटात शुबायका नावाच्या ठिकाणी साडेचौदा हजार वर्षांपूर्वीच्या चुलीत जळलेल्या भाकरीचे तुकडे निघालेत, शेतीच्या चार हजार वर्षं आधीचे. भाकरी आधी, शेती नंतर. देऊळ मधे कुठेतरी.

मला वाटतं साठवण आणि हवामान हे खरं. बारा-तेरा हजार वर्षांपूर्वी अचानक थंड-कोरडा काळ आला, हजारेक वर्षं टिकला, आणि तो संपल्यावर हवा स्थिर झाली. स्थिर हवेशिवाय पेरणीचा भरवसा कोणाला?

---

निवांत_भटका

काका, पण मग त्या खांबांवर एकही ओंबी का नाही? साप, कोल्हे, रानडुकरं, विंचू, गिधाडं. आणि खाण्यात सगळ्यात जास्त हाडं चिंकाऱ्यासारख्या हरणाची, पण कोरलेलं हरण जवळजवळ नाही. ज्याने पोट भरतं ते कोरायचं नाही, ज्याची भीती वाटते ते कोरायचं, असं काहीतरी?

---

दोडामार्गी

आमच्याकडेपण तसंच आहे बघा. कोकणातली कातळशिल्पं, कशेळीचा तो प्रचंड हत्ती पंधरा मीटरहून लांब आणि त्याच्या पोटात अजून प्राणी, बारसूला दोन वाघांच्या मधे माणूस. गोव्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळला बैल, हरणं आणि ते चक्रव्यूहासारखं चित्र. या चित्रांत शेतीचं काही नाही, त्यामुळेच अभ्यासक ती शिकार करून राहणाऱ्यांची धरतात. २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आलीत.

आमच्या सड्यावर लहानपणी आम्ही त्या रेषांवर बसून काजू भाजलेत. कोणाला काय ठाऊक. गुराखी म्हणायचे पांडवांनी एका रात्रीत काढली.

---

वैदर्भी_तिखट

पांडव तर सगळीकडेच फिरले बाप्पा, लई बिझी होते.

आमच्या नागपूरच्या काटोल रोडवर जुनापाणी आहे, तिकडं कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. दगडाची वर्तुळं, तीनशेच्या आसपास, म्हणजे थडगीच. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी काही खोदली होती. काही दगडांवर वाट्यासारखे खड्डे कोरलेले आहेत, ओळीने. माहुरझरीला तर घोडे पुरलेत, तोंडावर तांब्याचे दागिने घालून. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली. पण हे सगळं इ.स.पू. पहिल्या सहस्रकातलं, लोहयुग, शेती येऊन तेव्हा केव्हाच झालं होतं. म्हणजे मोठे दगड म्हटले की शेतीच्या आधीचे असं काही नाही, प्रत्येक ठिकाणी दगडाची वेगळी कथा आहे. आणि भामरागडकडे माडिया लोक आजही मेलेल्याच्या नावाने दगड उभा करतात. संशोधन करायचंय तर तिकडं जा न, जिवंत माणसाला विचारता येते.

एक सांगतो, जुनापाणीला गेलो होतो तर एका वर्तुळात बकऱ्या बसल्या होत्या दगडाला टेकून. छप्पर-बिप्पर काही नाही.

---

शिरूरकर

आता आमचा नंबर. इनामगाव, घोड नदीकाठी, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ खोदलं, सांकलिया सर, ढवळीकर सर, अन्सारी सर. इ.स.पू. १६०० ते ७००. मुख्य पीक जव, गहू थोडा. आता चकली यांनी वर जे सांगितलं ना घरात जमिनीखाली पुरायचं, ते आमच्याकडेपण होतं. लहान मूल गेलं की दोन रांजणं तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यात मूल, आणि घराच्या जमिनीत. मोठ्या माणसाला पुरताना पावलं तोडायची. बहुतेक त्याने उठून जाऊ नये म्हणून, असं सांगतात.

आणि एका घराच्या जमिनीत मातीची डबी निघाली, आत बाईची मूर्ती, झाकणावर दुसरी बाई, तिला डोकं नाही, आणि एक बैल. तुर्कस्तानशी संबंध आहे असं मी म्हणत नाहीये, सत्यशोधक भाऊ उड्या मारू नका. पण आजही आमच्याकडे बाळंतिणीची वार पुरतात, बारकं मूल गेलं तर जाळत नाहीत, पुरतात. वाचून झोप लागली नव्हती मला.

शेवटी पाऊस कमी झाला, जवाची शेती बसली, लोक चौकोनी घरं सोडून गोल झोपड्यांत आले, मेंढरं-बकऱ्यांवर जगायला लागले. शेतीतून उलटं गेले. हेही लक्षात ठेवा, रस्ता एकाच बाजूचा नसतो.

---

चिकित्सक_चकली

हे भारी. गुराढोरांवर जगण्यावरून एक, रायचूर-बेल्लारी भागात नवाश्मयुगीन राखेचे डोंगर आहेत. गोठ्यातलं शेण वर्षानुवर्षं साठवून पेटवायचं, पुन्हा साठवायचं, पुन्हा पेटवायचं, असे उंच ढीग. उत्नूरला त्यात गुरांच्या खुरांचे ठसेसुद्धा मिळाले. हंपीजवळ निंबापूरच्या ढिगाला लोक वालीच्या चितेची राख म्हणतात. त्याच लोकांनी कुळीथ, मूग आणि बारीक तृणधान्यं पिकवायला घेतली. म्हणजे तिथलं स्मारक दगडाचं नाही, शेणाचं. आपण दगड टिकतो म्हणून दगडावर धागे काढतो.

---

लातूरची_लेक

वाचतेय फक्त, पण राहवलं नाही. वेळ अमावस्येला आम्ही शेतात कडब्याची कोप करतो, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडतो, चुना लावतो, आंबील-भज्जीचा नैवेद्य. दगड दरवर्षी शेतातलाच कुठलाही उचलायचा. सण झाला की तो परत नुसता दगड. पुढच्या हजार वर्षांनी कोणी खोदलं तर त्याला काय कळणार?

---

खडूस_काका

काही नाही कळणार. भज्जीचं तर अजिबात नाही.

---

निवांत_भटका

अपडेट देतो. मिरजेच्या भाऊंमुळे चेव आला, आईकडून न सडलेली खपली मागवली, पावशेर घेतली. खलबत्त्यात कुटली, तूस अर्धंच सुटलं, पाखडायला सूप नाही म्हणून ताटात फुंकर मारली तर सगळं स्वयंपाकघर भरलं. मग पाट्यावर घेतली, मुद्दाम गुडघे टेकून, पायाची बोटं दुमडून, मृद्गंधाताईंनी सांगितलं तसं. वीस मिनिटांत वाटीभर भरड झाली, पीठ नाही, भरड. पाटा हलत होता, खाली ओलं फडकं घातलं तेव्हा थांबला. उजव्या पायाचा अंगठा आज तिसऱ्या दिवशीपण दुखतोय.

भरडीची खीर केली, चांगली झाली. खडे लागले दोन-तीन, ते बहुतेक पाट्याचेच.

---

शेतकरी_मिरजेचा

पाटा टाकी लावलेला नसणार, त्याशिवाय बारीक होत नाही. आणि खपली आधी पाण्याचा हात लावून थोडी मुरवायची, मग कांडायची, तूस पटकन सुटतं. पुढच्या वेळी पाच किलो सडून पाठवतो, अंगठा सांभाळा.